दाजी, तुमच्या नावाखाली रेघ का नव्हती

अहमदपूर,
आषाढातला दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप किशनराव दाजी यांच्या पायाशी धाकटा मेव्हणा शिवशंकर याचे शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मुदखेडला तुम्ही आणि अक्काही खुशाल असाल असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि अक्काचा फोनही तुमच्याच खिशात असतो असं कानावर आलं आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? साखर तपासली का? कानाच्या मशीनचा सेल बदलला का, की ती अजून पेटीतच आहे? (आमची ही, उज्वला, म्हणते, मशीन पेटीत आहे म्हणूनच त्यांना फोन ऐकू येत नसेल. ती तुमची बाजू घेते, हे मुद्दाम कळवतो.) 'आपली माणसं' हा ग्रुप तुम्ही ज्या दिवशी सोडला त्या दिवसापासून तिथे सकाळी सुविचार टाकणारं कोणी उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी एक गोष्ट बरी झाली. शेवटी कागदावर लिहायला बसलो. पस्तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसलेला माणूस शिक्का मारून आलेला कागद न वाचता टाकणार नाही, एवढा भरवसा मला आहे.

तुमचा राग मला मान्य आहे. रुद्राणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी दहा वाजता तुम्ही अक्काला घेऊन कार्यालयाच्या दारात उतरलात. कमानीकडे पाहिलंत, चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. पन्नास नावं होती आणि एकोणपन्नास नावांखाली जाड काळी रेघ होती. ज्याच्याखाली रेघ नव्हती ते एकच नाव तुमचं होतं, या घरच्या थोरल्या जावयाचं. तुम्ही पाण्याचा घोटही न घेता फिरलात, अक्काला रिक्षात घातलंत आणि नांदेडची एसटी धरलीत. अक्का मागं वळून वळून बघत होती. तिला रुद्राणीच्या डोक्यावर अक्षदा टाकता आल्या नाहीत. त्यानंतर दोन महिने झाले, माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज मी ऐकलेला नाही. तुम्ही गेल्यावर तिथे काय झालं हे तुम्हाला कोणी धड सांगितलं नसणार, आणि सांगितलं असेल तर तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. या पत्रात मला तुमच्याकडून काहीही मागायचं नाही.

सुरुवात रुद्राणीपासून झाली. पोरगी लातूरला औषधनिर्माणाच्या कॉलेजात शिकवते, समंजस आहे, पण लग्न ठरल्यावर समंजस माणसांच्या मोबाईलमध्येही फोटो येऊ लागतात. तिने मला पॅरिसच्या त्या मोठ्या दगडी कमानीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, बाबा, दारात असं काहीतरी करा. मी फारूक मंडपवाल्याला बोलावलं. फारूक हा थर्माकोलचा उस्ताद आहे. त्याच्या गोदामात लाल किल्ला आहे, इंडिया गेट आहे, एक जहाज आहे (त्याचं नाक मागच्या पावसाळ्यात उंदरांनी खाल्लं). त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, हौ सर, पॅरिस गेट, बना देंगे. आता दाजी, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसासमोर कोणी या कमानीला पॅरिस गेट म्हणावं आणि त्याने गप्प बसावं, हे शक्य आहे का? गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं की या कमानीचं नाव आर्क द त्रिओंफ आहे. तो म्हणाला, बोर्डावर काय लिवू तेवढं सांगा.

तेवढ्यावर थांबेन तर मी मास्तर कसला. मी त्याला सांगितलं की हे नाव फ्रेंच आहे आणि इंग्रज माणूससुद्धा ते फ्रेंचच ठेवतो. इंग्रजीत विजयाच्या कमानीला वेगळे शब्द आहेत, ते इतर कोणत्याही कमानीला चालतात, रोममधल्या असोत की आणखी कुठल्या. पण पॅरिसच्या त्या एका कमानीचं नाव घ्यायची वेळ आली की इंग्रज मुकाट्याने फ्रेंच शब्द उच्चारतो आणि आधी फक्त आपला इंग्रजी 'द' लावतो. भाषांतर करायच्या भानगडीत पडत नाही. मी हे वर्गात नेहमी एक गंमत म्हणून सांगत आलो. यात केवढा शहाणपणा भरलेला आहे हे मला या मे महिन्यात कळलं. माणसाने नाव घ्यावं, हात जोडावे आणि पुढे जावं. अर्थ विचारला की भांडण सुरू होतं.

अर्थ विचारला आमच्या व्याह्यांनी. गुरुपादप्पा निलंग्याचे, बोलण्यात अधूनमधून कानडी, स्वभाव सरळ, पण मानपानाच्या बाबतीत ताठ. पत्रिकेचा मसुदा बघायला आले तेव्हा मी हौसेने कमानीचं चित्र दाखवलं. त्यांनी विचारलं, "एन्री पावणे, ह्या नावाचा अर्थ काय हाय?" मी छाती फुगवून म्हणालो, विजयाची कमान. त्यांनी चित्र जवळ घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "विजय कुणाचा?" दाजी, एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. दार आमचं, कमान आमची, खालून वाकून येणार ते. म्हणजे आम्ही जिंकलो आणि त्यांनी शरण यायचं, असा त्यांनी हिशोब मांडला. मी घाईघाईने सांगितलं की तसं नाही, मुळात जिंकून आलेलं सैन्य त्या कमानीखालून जातं, म्हणजे खालून जाणारे विजयी, म्हणजे तुम्हीच. गुरुपादप्पांचा चेहरा खुलला. पण आतल्या खोलीत आपली भावकी बसलेली होती, तिचे चेहरे पडले. आपला वीरभद्र काका बाहेर येऊन म्हणाला, "मंग आमी काय हरलेलो हावंत का? पोरगी देऊन राहिलोत का लढाई?"

त्या दिवसापासून पंधरा दिवस मी त्या कमानीचा इतिहास वाचत होतो. दहावीचे पेपर तपासायचे राहिले, पण कमान पाठ झाली. त्यात एक गोष्ट फार कामाची सापडली. फ्रान्सच्या बादशहाने ही कमान बांधायला घेतली खरी, पण ती पुरी व्हायच्या आधीच त्याचं दुसरं लग्न निघालं. वरात कमानीखालून न्यायची होती आणि कमान जेमतेम पायाच्या वर आलेली. मग काय केलं, तर लाकडाचा सांगाडा उभा केला, त्यावर रंगवलेलं कापड ताणलं आणि त्या खोट्या कमानीखालून नवरी पॅरिसमध्ये आणली. हे फारूकला सांगितलं तेव्हा त्याला भरून आलं. तो म्हणाला, "म्हंजे सर, उनका भी कोई मंडपवाला था." त्यानंतर त्याने कामात जी जान ओतली ती आधी ओतली नव्हती. खांबांवर त्याने मनाने दोन मोरही काढले. मी ते राहू दिले.

दुसरी गोष्ट सापडली ती नावांची. त्या कमानीच्या आतल्या भिंतींवर सहाशेच्या वर नावं कोरलेली आहेत, सेनापतींची. मला वाटलं, हाच तोडगा. विजय कोणाचा हा वाद मिटवायचा तर दोन्ही घरच्या मानकऱ्यांची नावं कमानीवर लिहायची, पंचवीस त्यांचे, पंचवीस आपले, डावा खांब त्यांचा, उजवा आपला. विजय सगळ्यांचा. गुरुपादप्पांना हे फार आवडलं. आपल्या भावकीलाही आवडलं. आपल्याकडे पत्रिकेवर एखादं नाव राहिलं तर दोन पिढ्या बोलत नाहीत, आणि इथे तर बारा फुटांवर रंगाने लिहिणार होते. आठ दिवस याद्या चालल्या. एका चुलत्याने आपलं नाव पोराच्या वर हवं म्हणून, आणि त्याच्या पोराने वकील असल्यामुळे आपलं वर हवं म्हणून, एकाच घरातून दोन निरोप पाठवले.

मग रेघा आल्या. ही मात्र माझीच अक्कल. दोन्हीकडचे पाच-पाच प्रमुख ओळखू यावेत म्हणून मी फारूकला सांगितलं, या नावांखाली रेघ ओढ. आपल्यात रेघ ही मानाचीच असते. शाळेत मी मुलांना हेच शिकवलं, महत्त्वाचं असेल त्याखाली पट्टी लावून रेघ ओढा. तर पहिल्या दहा रेघा ओढल्या आणि अकराव्या माणसाचा फोन आला. मग पंधरा झाल्या. मग गुरुपादप्पांच्या एका मेव्हण्याने तिकडून कळवलं की त्याच्या नावाखाली रेघ नसेल तर तो लग्नाला येईल पण जेवणार नाही. उज्वला वैतागून म्हणाली, समद्यांच्याच खाली ओढा आन मोकळे व्हा. तसं केलं. सगळे मानकरी झाले, एका माणसाला सोडून. आता तुम्ही विचाराल, तो एक माणूस मीच का? तर दाजी, फारूकने रंगाचा डबा संपला असं सांगितलं. तुमचं नाव उजव्या खांबावर सर्वांत वर होतं, शिडी लावायची म्हणून त्याने ते शेवटी ठेवलं, आणि तिथे पोचेपर्यंत डबा कोरडा. एवढीच गोष्ट आहे. यात माझा हेतू शोधू नका.

तुम्ही सकाळी गेलात. मी मागं धावलो नाही, हा माझ्यावरचा दुसरा आरोप, तोही खरा आहे. दारात गुरुपादप्पांचं वऱ्हाड उभं होतं, मला हलता येईना. साडेबाराचा मुहूर्त. पावणेबाराला नवरदेव देवळातून आला, बँड आला, आणि नवरदेवाची बहीण वर्षाराणी माईक घेऊन कमानीजवळ उभी राहिली. हल्ली प्रत्येक लग्नात निवेदन लागतं, तसं ते तिच्याकडे होतं. ती लातूरच्या एका शाळेत शिकवते आणि तिचं वाचन दांडगं आहे, हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं. तिने मोबाईल उघडून कमानीची माहिती सांगायला सुरुवात केली. पॅरिस, बादशहा, लाकूड-कापडाची वरात, सगळं बरोबर. मी मान डोलावत होतो. मग ती म्हणाली की मूळ कमानीवरही अशीच नावं आहेत आणि त्यातल्या काही नावांखाली अशाच रेघा आहेत. टाळ्या पडल्या. मग तिने पुढची ओळ वाचली, वाचता वाचताच तिचा आवाज बारीक झाला, पण माईक कसला थांबतो. रेघ त्यांच्या नावाखाली आहे, जे लढाईत मेले.

बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. एकोणपन्नास माणसं मान वर करून आपापलं नाव बघत होती. आणि त्यातले सर्वांत पुढे होते नवरदेवाचे आजोबा, रामलिंग आप्पा, वय शहाऐंशी, डोक्यावर गुलाबी फेटा. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "म्हंजे म्या मेलो का?"

आप्पांनी खुर्ची मागवली आणि बरोबर कमानीच्या मधोमध मांडून बसले. आत जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागणार. गुरुपादप्पा विनवत होते, मी हात जोडत होतो. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. व्याह्याने भर मांडवात माझ्या मरणाचा बोर्ड लावला, आता घरात मयत असताना लगीन कसं लागतंय? कोणीतरी मागून म्हणालं, आप्पा, आपल्या लिंगायतांत सुतक कुठं मानतेत. त्यावर आप्पा कडाडले, "सुतक नसंल, पर माणूस तर मेलेला हाय ना! मेल्याली माणसं अक्षदा टाकतेत का?" आणि मग एकेकाला आपापलं मरण आठवलं. वीरभद्र काका छातीवर हात ठेवून बसला. ज्या मेव्हण्याने फोन करून रेघ मागून घेतली होती तो फारूकला शोधत होता. घड्याळात बारा वाजून दहा झाले होते. उज्वलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रुद्राणी आत मुंडावळ्या बांधून बसलेली. दाजी, त्या क्षणी मला खरंच वाटलं की हे लग्न मोडणार, आणि ते मी मोडलेलं असेल, माझ्या इंग्रजीने.

फारूक धावत आला. त्याने थिनरची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि शिडीवर चढून आप्पांच्या रेघेवर फिरवला. आता तुम्हाला ठाऊक आहे की नाही माहीत नाही, मलाही नव्हतं, फारूकला ठाऊक होतं पण घाईत तो विसरला, की थिनर लागला की थर्माकोल विरघळतो. रेघ गेली. रेघेबरोबर 'रामलिंग' गेलं, 'आप्पा' गेलं, आणि तिथे नारळ जाईल एवढं भोक पडलं. भोकातून मागची पंगतीची टेबलं दिसू लागली. आप्पांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आधी नुसता मेलो व्हतो. आता तर जलमच झाला न्हाई म्हना." हसावं की रडावं कोणाला कळेना. वर्षाराणी मात्र माईक तोंडाशी धरून रडत होती आणि ते सगळ्यांना ऐकू जात होतं.

सोडवलं ते अक्काच्या भावजयीने. मी पत्रात माझं नाव घालणार होतो, पण उज्वला पाठीमागे उभी राहून वाचते आहे. तिने वर्षाराणीला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, त्या कमानीखालून चालत कोण गेलं? वर्षाराणी म्हणाली, जे परत आले ते. तशी उज्वला सरळ आप्पांसमोर जाऊन बसली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "आप्पा, नावं मेलेल्याची ऱ्हातेत, चालनं जित्याचं आसतंय. तुमी उठून खालून चाला. समद्या गावाला दिसंल की रामलिंग आप्पा जित्ते हायेत." दहावी पास बाई, दाजी. मी पंधरा दिवस जे पुस्तकात शोधत होतो ते तिला अर्ध्या मिनिटात सापडलं. विजय कोणाचा? जो आपल्या पायांनी पलीकडे पोचला त्याचा.

आप्पा उठले. काठी न घेता चालले. पलीकडे गेले, वळले, पुन्हा अलीकडे आले, आणि खात्रीसाठी म्हणून तिसऱ्यांदा गेले. बँडवाल्यांना हुशारी आली, त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. मग काय, ज्यांच्या नावाखाली रेघ होती त्या सगळ्यांना चालायचंच होतं. एकोणपन्नास माणसं (गुडघेदुखीवाले धरून) रांगेत कमानीखालून गेली, कोणी दोनदा, कोणी नातवाला कडेवर घेऊन, वीरभद्र काका तर छातीवरचा हात काढून नाचत गेला. मुहूर्त चाळीस मिनिटांनी टळला. अक्षदा पडल्या, पंगती उठल्या, आप्पांनी तीन बालुशाह्या खाल्ल्या. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की असं लग्न त्यांनी शहाऐंशी वर्षांत बघितलं नाही. हे कौतुक होतं असं मी धरून चाललो आहे. रुद्राणी सासरी सुखात आहे. जावईबापू रोज फोन करतात.

तेव्हा दाजी, विचार करा. त्या कमानीवर पन्नास माणसांपैकी फक्त एक माणूस पहिल्यापासून जिवंत होता, आणि ते तुम्ही. ज्याला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला चालावं लागलं नाही असे तुम्ही एकटे. रंगाचा डबा संपला हे तुमचं भाग्य आणि माझं दुर्दैव. मी तुमच्यापुढे सुनावणीला उभा आहे, पण ज्या माणसाने मला सहावीत मुदखेडला आपल्या घरी ठेवून घेतलं, मालगाडीच्या डब्यांवरची अक्षरं बोटाने दाखवून इंग्रजी शिकवलं, त्याचा अपमान मी कसा करीन, एवढं तरी मनाला विचारा. एकतीस वर्षं जे पोटाला मिळालं ते त्या डब्यांमुळे. हे मी कधी तोंडाने बोललो नाही. आता लिहितो.

गुडघ्याला तेल लावत जा. जिना एकेक पायरी उतरा.

तुमचा,
शिवशंकर

ता. क. – वर लिहिलं की काही मागायचं नाही. ते उज्वला मागे उभी असताना लिहिलं. आता ती स्वयंपाकघरात गेली आहे. पंचमी जवळ आली. बेचाळीस वर्षांत अक्का पंचमीला माहेरी आली नाही असं एकदाही झालेलं नाही, आई गेली त्या सालीसुद्धा ती आली होती. अंगणातल्या कडुलिंबाला झोका मी आधीच बांधला आहे. ती सहासष्ट वर्षांची आहे, बसत नाही, पण झोका नसेल तर विचारते. तिला पाठवा. तुम्हीही या, पण तुम्ही रागावलेले असाल तर निदान तिला तरी पाठवा.

ता. क. २ – रंगाचा डबा संपला नव्हता. फारूकच्या हातात अर्धा डबा शिल्लक होता. त्याने तुमच्या नावाखालीही रेघ ओढली होती, सगळ्यांत जाड. लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, मी माहिती पुन्हा एकदा वाचत होतो आणि ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली. म्हणजे वर्षाराणीने वाचायच्या आधी मला ठाऊक होतं. पण तोवर निलंग्याची गाडी आलेली, त्यांचे लोक आपापल्या रेघेबरोबर फोटो काढून गावाकडे पाठवत होते. त्यांच्यातल्या एकाचीही रेघ पुसली असती तर तिथेच लग्न मोडलं असतं. आणि मी स्वतःला सांगितलं की हे सगळं खुळचट आहे. मी विज्ञान मंडळाचा अध्यक्ष होतो, शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण करतो. रेघेने कोणी मरत नाही.

तरी फारूक नमाजाला गेल्यावर मी शिडी लावली आणि पांढऱ्या रंगाने तुमच्या नावाखालची रेघ झाकली. बाकी अठ्ठेचाळीस जणांचा आणि माझा स्वतःचा विचार मनात आला नाही, हे कबूल करतो. अक्काच्या कपाळावरचं कुंकू डोळ्यांपुढे आलं आणि हात आपोआप चालला. मान काढून घेतला तर भांडायला येईल पण नातं तोडणार नाही असा माणूस मला एकच दिसला, म्हणून तुमचाच काढून घेतला. सकाळी तुम्ही चष्मा पुसत उभे होतात तेव्हा कारण सांगितलं असतं तर ते सगळ्यांना कळलं असतं, म्हणून गप्प राहिलो. अक्काने माझ्या बोटाला पांढरं काय लागलंय म्हणून विचारलं होतं. मी विभूती म्हणालो.

ता. क. ३ – वरचा मजकूर अक्काला वाचून दाखवू नका. मला तुमच्या जिवाची भीती वाटली होती असं तिला कळलं तर ती सोमवार धरेल, शनिवार धरेल, आणि तुम्हाला मुदखेडच्या बाहेर पाऊल टाकू देणार नाही. तिला एवढंच सांगा की शिवा चुकला. ते तिला लगेच पटेल. मी चार वर्षांचा असल्यापासून तिला ते पटत आलं आहे, आणि प्रत्येक वेळी ती मला घ्यायला आली आहे.